राणीच्या खिडकीची कडी

एका राज्यात पाखरे बोलत आणि कोणालाही त्याचे नवल वाटत नसे. तिथला राजा अरिंजय शूर होता, पण मनाचा कोता. त्याची राणी हेमांगी बागेतल्या कार्यशाळेत बसून पटाशीने लाकडाची खेळणी कोरी. येणारा-जाणारा खिडकीशी थांबे, राणी हसून दोन शब्द बोले आणि राजाच्या पोटात दुखे.

एकदा बागेत एक मांत्रिक आला. राजा म्हणाला, "हिच्यावर कोणाची नजर पडू नये, असे काही करा."

मांत्रिकाने काठी आपटली. दार मिटले, खिडकी मिटली, दोन्हींच्या जागी नुसती भिंत झाली आणि राणी आत राहिली. राजा घाबरून त्याच्या पाया पडला.

"मागितलेस ते दिले," मांत्रिक म्हणाला. "आता स्वतःच्या हाताने खिडकी घडव. आत पटाशीचा आवाज आहे तोवर राणी जिवंत आहे. तो थांबला, की तीही भिंत होईल."

राजाने साग तोडला आणि घाईघाईने चौकट केली. भिंतीने ती गिळली आणि तिसऱ्या दिवशी वाकडी करून बाहेर टाकली.

वडावरचा धनेश पक्षी म्हणाला, "ओले लाकूड होते. वाळू दे."

सहा महिने लाकूड वाळले. आतला आवाज मंदावत चालला होता. राजाला अन्न गोड लागेना. दुसरी चौकट त्याने भिंतीत अशी घट्ट ठोकली, की केसही आत जाऊ नये. दमट हवेने ती फुगली आणि तडकली.

"सूतभर जागा सोड," धनेश म्हणाला.

"फटीतून कोणी पाहील."

"पाहू दे."

राजाने जागा सोडली. तिसरी चौकट भिंतीत नीट बसली, पण खिडकी काही उघडेना. राजाने हिसके दिले, शेवटी रडला.

"कडी कुठे लावलीस?" धनेशाने विचारले.

"बाहेरून. आमच्या राणीवशात तशीच रीत आहे."

"माझी बायको अंडी घालायच्या वेळी ढोलीत बसते आणि तोंड आतून लिंपून घेते. मी फटीतून फळे भरवतो. बाहेर यायचे झाले, की लिंपण तीच फोडते. मी कधी चोच लावली नाही."

राजाने चौकट उतरवली, कडी काढून आतल्या अंगाला बसवली आणि चौकट पुन्हा भिंतीत लावली. आता आत आवाज नव्हता. त्याला फार भीती वाटली, तरी त्याने खिडकीला हात लावला नाही. तो नुसता बसून राहिला.

दुपार कलताना आतून कडी वाजली. खिडकी उघडली, तसे दारही जागेवर आले. राणी फिकटली होती, हातात पटाशी होती.

"हेमांगी, चूक माझी झाली," राजा म्हणाला.

"झाली खरी," राणी म्हणाली. "आता जरा बाजूला व्हा, महाराज. उजेड अडतो आहे."

राजा बाजूला झाला. मग आपली पटाशी घेऊन राणीवशाकडे गेला आणि तिथल्या साऱ्या खिडक्यांच्या कड्या त्याने आपल्या हाताने आतल्या बाजूला बसवल्या.