न भिणारे मासे

डोहाच्या वरच्या अंगाला अंतोबुवा राहत, खालच्या अंगाला त्यांचा चेला केरबा, आणि मधल्या पाण्यात देवाचे मासे. त्या माशांना कोणी गळ लावत नसे.

"मग आता तरी छाटी देणार ना, बुवा?" केरबानं विचारलं.

"आता असं काय झालं?"

नऊ वर्षं तो त्या भगव्या छाटीची वाट बघत होता. ती अंगावर आली की लोकांना उपदेश करायचा अधिकार आला. याआधी तीनदा विचारून झालं होतं, आणि तिन्ही वेळा बुवांनी त्याला चहा ठेवायला सांगितलं होतं.

"चला तर. दाखवतोच."

उन्हाळा होता. नदीची धार तुटलेली, डोह बशीतल्या पाण्यासारखा थिजलेला. केरबानं पाण्यात हात घातला. मासे पळाले नाहीत. उलट बोटांशी आले, मनगटाला घासून गेले.

"बघितलंत? माझ्या मनातली हिंसा गेली, ती मुक्या जिवांना कळली. आता मला कोणी भीत नाही."

बुवा खडकावर टेकले.

"बगळ्यालाही भीत नाहीत," ते म्हणाले. "सकाळी एका जागी उभा राहून पाच उचलले त्यानं. त्याचीही साधना पुरी झाली म्हणायची का रे?"

केरबाला हसू आलं नाही.

बुवांनी खडकापाशी पडलेला एक मासा उचलला. चोचीतून सुटलेला, पोट फाटलेला. आतून परकराच्या नाडीसारखा लांब, पांढरा किडा लोंबत होता.

"हा कुठला नवा रोग?"

"जुना आहे. माझ्या गुरूंनीही बघितलेला. हा वाढतो माशात, पण अंडी घालायला त्याला बगळ्याचं पोट लागतं. मासा सावली दिसली की पळायचा, म्हणून किडा आतच अडकून मरायचा. शंभरात एखादा पोचायचा, त्याची अंडी शिटेतून पाण्यात पडायची, पुन्हा एखाद्या माशाला लागायची... आता सगळेच पोचतात. ज्या त्या माशाच्या पोटात ही नाडी."

"पण मासे पळत का नाहीत?"

बुवांनी मासा खडकावर ठेवला. म्हणाले, "तुझ्या आईला काय होत होतं, केरबा?"

"भ्यायची. दाराची कडी वाजली तरी कापायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मग निवांत झाली."

"उरलेल्या गोळ्या कुठं आहेत?"

केरबानं हात पाण्याबाहेर काढला.

आई माघात गेली. अस्थींबरोबर तिची लुगडी, चष्मा आणि गोळ्यांचा डबा त्यानं इथंच आणला होता. पाकिटं तशीच टाकायला मन होईना. आईचं नाव घेत एकेक गोळी सोडवून त्यानं ओंजळीनं पाण्यात सोडली होती.

"माझ्या एकट्याच्या गोळ्यांनी एवढं..."

"एकट्याच्या कशाला? आसपासची सगळी गावं अस्थी घेऊन इथंच येतात. आणि हल्ली कुठल्या म्हाताऱ्याच्या उशाशी झोपेच्या नि धीराच्या गोळ्या नसतात? पाणी वाहतं होतं तोवर पुढं गेलं."

"तुम्ही अडवलं का नाही?"

"मीच तर सांगितलं. गेलेल्याचं घरात काही ठेवू नका, डोहाला द्या. तीस वर्षं सांगत आलो... वाकळ, धोतर, एवढंच माझ्या डोळ्यापुढं होतं रे."

पलीकडे बगळा उतरला. केरबानं दगड उचलला. बुवांनी त्याचं मनगट धरलं.

"त्याचं काय चुकलं?"

दगड काढून घेऊन त्यांनी तो माशांच्या घोळक्यातच टाकला.

पाणी उडालं. मासे जरा हलले, आणि दगड बुडाला तिथं हळूहळू येऊन त्याला तोंड लावू लागले.

"म्हणजे छाटी आता कधीच नाही का, बुवा?"

"मासे तुला भ्याले, की ये."