ढांगू उंटाची मान

तेव्हा जनावरंही अमेरिकन फुटबॉल खेळायची. कुरणाचा संघ दरवर्षी रानडुकरांकडून सपाटून मार खायचा आणि या खेपेला हरलं, तर कुरणच जाणार होतं.

पुढे उभ्या रेड्यांनी डुकरं अडवायची आणि मागून ढांगू उंटाने दातांत धरलेला लांबट चेंडू भिरकावायचा, एवढंच काम. पण चेंडू सुटण्याआधीच डुकरं ढांगूला आडवं करायची.

"तुझ्या मानेत दम नाही," संघाला शिकवणारे बगळेमास्तर म्हणाले. बिचाऱ्या ढांगूने वर्षभर मान गोफणीसारखी फिरवायचा सराव केला. चक्कर येऊ नये म्हणून तो मान फिरवताना पहिल्यापासूनच डोळे गच्च मिटून घ्यायचा.

सामन्याच्या दिवशी मात्र भीतीने त्याचे डोळे उघडेच राहिले. बघतो तर काय, सगळे रेडे डुकरांकडे पाठ करून, आ वासून त्याचीच मान बघत होते!

"अरे, पुढे बघा!" ढांगू ओरडला. तोंडातला चेंडू पडला, डुकरांनी तो पळवला आणि कुरण गेलं.

रडणाऱ्या ढांगूला रेड्यांनी प्रेमाने खांद्यावर घेतलं. "काय मान फिरवतोस रे दादा!" थोरला रेडा म्हणाला. "रडू नकोस. पुढच्या वर्षी आम्ही आणखी जवळून बघू."