साळिंदराचा राक्षस

फार मागची गोष्ट, जनावरं बोलायची आणि माणसं ऐकून घ्यायची तेव्हाची. एक होतं साळिंदर. काटे टोचतात म्हणून त्याच्याजवळ कुणी बसेना. मग त्यानं मातीत घरं आखून एक खेळ मांडला. काळा दगड म्हणजे राक्षस. सगळ्यांनी मिळून चिंचोक्यांचं दान टाकायचं आणि राक्षस गावात शिरायच्या आत त्याला विहिरीत ढकलायचं.

पहिल्या दिवशी ससा, माकडीण आणि आणखी काही जण खेळायला आले, पण राक्षसानं बघता बघता गाव गिळलं. ससा रडकुंडीला आला. "हा खेळ आहे का शिक्षा?" म्हणत उठून गेला.

दुसऱ्या दिवशी साळिंदरानं सशाला समजावून परत आणलं आणि राक्षस लंगडा केला. तो लगेच विहिरीत पडला. माकडीण जांभई देत म्हणाली, "साळोबा, हा राक्षस आहे का आमचे भावोजी? नुसतं बोट लावलं की पडतात!"

तिसऱ्या दिवशी राक्षस ना लंगडा होता, ना पळता. पण गाव बुडायला आलं तसं साळिंदर घाबरलं. ही मंडळी रुसली तर परत कोण येणार? त्यानं हळूच राक्षस एक घर मागं सारला.

माकडिणीनं पाहिलंच. "आम्ही काय कच्चं लिंबू आहोत होय रे? ठेव पुढं!"

त्यानं मुकाट ठेवला. सगळे डोक्याला डोकं लावून खेळले आणि एका घरानं हरले. आता उठतील, म्हणून साळिंदरानं डोळेच मिटले.

"मांड पुन्हा," ससा म्हणाला.

माकडिणीच्या दंडात काटा रुतला होता. साळिंदर तो काढायला गेलं, तशी ती खेकसली, "राहू दे मेल्या काटा, आधी दान टाक!"