रिकामी बुडी

फोन नुकते पोहायला शिकत होते, तेव्हाची ही गोष्ट. मालवणच्या एका होडीतल्या फोनला समुद्रात उतरून माशांचे फोटो काढायचे होते. पण खाऱ्या पाण्याचा थेंब अंगात शिरला, की खेळ खलास! म्हणून तो आत बसून बुडी मारायला पाणी न शिरणारी पेटी निवडत होता. समोर दोन होत्या, एक सोनेरी, एक निळी.

सोनेरी पेटी म्हणाली, "माझ्यात थेंबभरही पाणी शिरणार नाही. शब्द देते!"

निळी म्हणाली, "मी आधी रिकामीच बुडून बघते, बाबा."

पोटात कागदी रुमाल घेऊन तिने बुडी मारली. वर आली, तर रुमाल कोरडा!

"आता तुम्ही," फोन सोनेरीला म्हणाला.

"माझ्यावर संशय?" ती रुसून बसली.

फोन निळीत शिरला. खाली पिवळ्या माशांनी त्याच्याभोवती फेर धरला.

सोनेरीनेही शब्द पाळला. दिवसभर होडीत बसून तिने थेंबभरही पाणी आत येऊ दिलं नाही.