कालवज्राचे डोळे

“पण डोळे भरायला तुमची हरकत काय आहे, एवढं तरी सांगा!”

कैवल्यचा आवाज चढला, तसा उंबऱ्यात बसलेल्या कुत्र्याने एक कान मागे फिरवला. मान मात्र वळवली नाही.

सुदामबाबा मांडीवरच्या चित्राकडे बघत राहिले…

आता ही डोळ्यांची रीत काय होती, ते आधी सांगायला हवं.

बाबा मूळचे पेणचे. त्यांचं अर्धं आयुष्य गणपतीच्या कारखान्यात गेलं. मूर्तीची आखणी, म्हणजे डोळे रेखायचं काम, त्यांच्याकडे असायचं. मूर्ती कितीही देखणी झाली तरी डोळे भरेपर्यंत ती माती, असं तिथे मानतात. पुढे पुण्यातल्या काही हौशी मुलांनी एक व्हिडिओ गेम काढायचा घाट घातला, आणि त्यातले प्राणी मातीत घडवून द्यायला बाबांना घेऊन गेले. त्या खेळाचं नाव ‘सवंगडी’.

खेळ तसा साधा. रानात हिंडायचं. कुठे गवतात, कुठे डोहात, कुठे कपारीत नवेनवे जीव भेटतात. झुंजीत नमवला की तो जीव आपल्या झोळीत येतो. मग पुढच्या झुंजीला आपला जीव पुढे, आपण मागे. ऐकायला एवढंच. पण पोरं त्यापायी अशी वेडी झाली, की एका भागामागून दुसरा निघत गेला. पहिला भाग खेळलेली पोरं बापेमाणसं झाली, तरी खेळ चालूच. आता आठवा भाग यायचा होता.

वय झालं तसे बाबा पुण्यातून निघाले. पेणच्या अलीकडे डोंगराच्या अंगाला एका गोसाव्याची ओस पडलेली मठी होती. तिथे राहिले. अंगण झाडावं, वाटसरूला पाणी द्यावं, बस्स. रीत मात्र मागे राहिली. खेळात घ्यायचा प्रत्येक नवा जीव आधी कागदावर बाबांकडे यायचा, आणि येताना त्याचे डोळे कोरे असायचे. बाबांनी कुंचल्याने बुबुळं भरली तर तो जीव खेळात. नाही भरली तर नाही. असं कुठे लिहिलेलं नव्हतं. पण मोडत कुणी नव्हतं.

कैवल्य चौबळचे जीव याआधी कोऱ्या डोळ्यांनीच परत आले होते.

हात त्याचा चांगला. शिकलाही मोठ्या ठिकाणी. त्यामुळे दोष बाबांच्या वयाचा आहे, अशी त्याची समजूत झाली होती. ऑफिसातही तो तसं बोलून दाखवायचा. या वेळी खेळाचा मुख्य जीव त्याच्याकडे आला होता, खोक्यावर ज्याचं चित्र छापायचं तो. ऑफिस सांभाळणाऱ्या दीपाताईंनी निघताना त्याला सांगितलं होतं, “कैवल्य, या वेळीही कोरे डोळे घेऊन आलास, तर नवे जीव काढायचं काम मी दुसऱ्याला देणार. तू मागची झाडं आणि दगड काढ.”

झाडं आणि दगड! ते शब्द सबंध वाटेत त्याच्या कानात घुमत होते.

त्यात मठीशी आला तर हे कुत्रं अंगावर धावलं. दात विचकलेले, मानेवरचे केस उभे. बाबांनी हाक मारेपर्यंत तो कुंपणापाशी बॅग छातीशी धरून उभा होता. बाबांनी त्याला आत घेतलं, तसं कुत्रं गप्प झालं, आणि त्याच्याकडे पाठ करून उंबऱ्यात जाऊन बसलं.

“शिंगं किती रे याला?” बाबांनी विचारलं.

“नऊ. प्रत्येकातून वेगळा जाळ निघतो. निळा, हिरवा, जांभळा… आजवर कुठल्याच भागात असा जीव झालेला नाही, बाबा. कालवज्र नाव ठेवलंय.”

“भारी नाव आहे.”

“राग मानू नका, पण जुने जीव म्हणजे अगदी बाळबोध. कुणी खारीसारखा, कुणी कासवासारखा. आता तसलं चालत नाही.”

“कुणाला?”

“लोकांना.”

“बरं…”

बाबांनी कागद उचलला आणि उलटा केला. मागची बाजू कोरी होती. ती त्यांनी दाराच्या उजेडाकडे धरली आणि निरखून बघू लागले.

कैवल्यला हसू आलं. “बाबा, चित्र त्या बाजूला आहे.”

“ते बघितलं.”

“मग हे काय बघताय?… पाठीचं चित्र शोधताय का? ते मी नाही काढलेलं. पाठ आमच्याकडे नवी मुलं काढतात. समोरचं एकदा ठरलं, की मागचं काय, सहज निघतं.”

“सहज निघतं?”

“हो.”

बाबांनी कागद पुन्हा सुलटा करून मांडीवर ठेवला. कुंचला करवंटीतल्या काळ्या रंगाशेजारी तसाच पडून होता. कैवल्य त्या कुंचल्याकडे बघत राहिला. बाबांचा हात काही तिकडे जाईना.

तेव्हाच त्याचा आवाज चढला होता.

“हरकत काही नाही,” बाबा आता म्हणाले. “मला याची ओळख पटंना, एवढंच.”

“ओळख? नवा जीव आहे हा! ओळख कशी पटेल?”

बाबा उठले, माठातलं पाणी तांब्यात घेतलं, त्याच्यापुढे ठेवलं. तो पाणी प्यायला. तांब्या खाली ठेवेपर्यंत बाबा थांबले.

“लहानपणी तू खेळायचास हा खेळ?”

“म्हणजे काय! त्यापायीच तर या कामात आलो.”

“पहिला जीव कुठला घावला तुला?”

कैवल्य जरा ओशाळला. “भुंडू.”

“भुंडू… कोण रे तो?”

“तुम्हीच केलेला, बाबा! बिनशेपटीचा. पहिल्याच रानात मिळतो, सगळ्यांना. पुढे चांगले जीव हाती लागले, की लोक त्याला सोडून देतात. त्याच्यात दमच नाही.”

“तू कधी सोडलास?”

कैवल्यने रिकामा तांब्या उगाच बाजूला सरकवला.

“सोडलास ना?”

“नाही,” कैवल्य म्हणाला. “ठेवला होता. शेवटपर्यंत.”

“काढून दाखव.”

“आत्ता?”

“पेन्सिल आहे का कोळसा देऊ?”

कैवल्यने बॅगेतून कागद काढला. यात काय मोठंसं, असं तोंडावर स्पष्ट दिसत होतं. म्हाताऱ्याची लहर सांभाळावी आणि डोळे भरून घ्यावेत, एवढाच त्याचा विचार.

पेन्सिल चालू लागली आणि हात आपोआप वळत गेला.

त्याचे वडील धरणाच्या कामावर होते. एक गाव अंगवळणी पडतंय तोवर बदली यायची. नवी शाळा, नवी पोरं, आणि मधल्या सुट्टीत कुणी खेळायला घ्यायचं नाही. घरी येऊन तो क्वार्टरच्या पायरीवर बसायचा, आणि आई हाक मारेपर्यंत त्याच्यासोबत फक्त भुंडू असायचा. भुंडू हरायचा. पुन्हा उठायचा. पुन्हा पुढे जाऊन उभा राहायचा. समोर कितीही मोठं धूड आलं तरी.

दोन पडके कान. आखूड मान. डावा खांदा किंचित खाली. पाठीवर एक पांढरा डाग.

“हा घ्या,” त्याने कागद पुढे सरकवला. “अगदी डिट्टो आहे.”

बाबांनी बघितलं. बराच वेळ बघितलं.

“याचे डोळे कुठायत?”

“डोळे? हे काय…”

कैवल्य कागदावर वाकला, आणि तसाच राहिला.

त्याने भुंडूची पाठ काढली होती.

“थांबा. चुकून… समोरून काढतो.”

त्याने दुसरा कागद घेतला. डोक्याचा गोल काढला. कान काढले. मग पेन्सिल थांबली. नाक बसकं होतं, की टोकदार? डोळे जवळजवळ होते, की लांब? मिशा होत्या का?

त्याचा हात खिशातल्या मोबाइलकडे गेला. तिथे भुंडूची हवी तेवढी चित्रं मिळाली असती. हात खिशापाशी थोडा वेळ राहिला, आणि रिकामाच परत आला.

“आठवत नाही,” तो म्हणाला.

“रोज बघायचास ना?”

“रोज.”

“मग?”

कैवल्यने पेन्सिल खाली ठेवली.

“तो… तो पुढे असायचा, बाबा.”

डोंगरावर कुठेतरी लाकूड तोडल्याचा आवाज येत होता. तो थांबला…

बाबांनी पहिला कागद पुन्हा हातात घेतला. पांढऱ्या डागावर बोट ठेवलं.

“हे काय?”

“जखम. डोहातली सुसर असते ना, तिच्याशी झुंजताना झालेली. मला वाचवताना.”

“सुसरीनं?”

“हो. म्हणजे… तसंच आहे ना ते?”

“आता आठवला. तो डाग मीच मारला होता रे. पांढरा रंग उरला होता कारखान्यातला, वाया कशाला घालवा म्हणून.” बाबांनी कागद त्याच्या हाती दिला. “जखम तू बघितलीस.”

कैवल्यने कालवज्राचं चित्र बाबांच्या मांडीवरून उचललं, कोरी बाजू वर केली, आणि पेन्सिल घेऊन दाराशी, कुत्र्याच्या मागे जाऊन बसला.

आधी त्याने शिंगं काढली. मागून ती मोडक्या फणीच्या दात्यांसारखी दिसली. जाळ काढायला गेला, तर सगळा जाळ पुढेच. मागे उभ्या असलेल्याला ना ऊब, ना उजेड. पंख पसरले, तर पंखांपलीकडचं काहीच दिसेना. त्या पंखांमागे पायरीवर बसलेलं एक पोरगं त्याला दिसायला लागलं, आणि त्याने पंख पुसले. मग शिंगं पुसली, एकेक करून. पुसताना हात जड झाला होता. त्या शिंगांवर त्याने बरेच दिवस घातले होते, आणि ऑफिसातल्या सगळ्यांनी ती वाखाणली होती.

ऊन अंगणातून सरकत कुंपणाकडे गेलं. बाबा आत काहीतरी निवडत बसले होते. त्यांनी एकदाही डोकावून बघितलं नाही.

शेवटी कागदावर एक रुंद पाठ उरली. चार पाय घट्ट रोवलेले. मान पुढे. बस्स.

तरीही काहीतरी कमी होतं. काय, ते त्याला कळेना. पाठ होती, पण ती कुणाचीही असू शकत होती. वाटेवर उभ्या राहिलेल्या कुठल्याही जनावराची.

त्याने वैतागून पेन्सिल आपटली.

उंबऱ्यातल्या कुत्र्याने एक कान मागे फिरवला. मान वाटेकडेच.

कैवल्य त्या कानाकडे बघत राहिला…

मग त्याने पेन्सिल उचलली, आणि कालवज्राचा एक कान मागे वळवला.

तो उठला आणि कागद बाबांपुढे नेऊन ठेवला. बाबांनी हातातलं सूप बाजूला केलं, धोतराला बोटं पुसली. कागद जवळ घेतला. खांद्यावरून, पाठीवरून बोट फिरवत नेलं. कानापाशी ते थांबलं.

चांगलं म्हणाले नाहीत, वाईट म्हणाले नाहीत. हात लांब करून त्यांनी करवंटी ओढली आणि कुंचला रंगात बुडवला.

कैवल्यने घाईघाईने कागद उलटा केला. तिथे नऊ शिंगांचं ते तोंड होतं, कोऱ्या डोळ्यांचं, दात विचकलेलं. त्याने ते नीट बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

“हे… याचं नाही वाटत आता.”

“नाही?”

“दुसऱ्याच कुणाचं तरी आहे.” त्याने कागद पुन्हा फिरवला. पाठ वर आली. “पण मग डोळे भरायचे कुठे, बाबा? उद्या दीपाताईंना काय दाखवू? त्या म्हणतील, आलास पुन्हा डोळ्यांशिवाय. काम जाईल माझं.”

“जाईलही.”

“मग?”

बाबांनी कुंचल्याचं टोक करवंटीच्या काठाला टेकवून जादा रंग निथळू दिला. शांतपणे, दर वेळी करत तसंच. मग कुंचला आडवा धरला आणि कैवल्यच्या हातात ठेवला.

कैवल्यला कळेना. “मी? पण रीत अशी नाही. डोळे तुम्ही भरता!”

“आजवर भरले.”

“मी कसे भरू? मला त्याचं तोंडच दिसत नाही.”

“तो मागं वळून बघंल,” बाबा म्हणाले, “तवा भर.”

कैवल्य हातातल्या कुंचल्याकडे बघत उभा राहिला. टोकावर काळ्या रंगाचा एक थेंब जमत होता.

“आणि… तो वळलाच नाही तर?”

बाबांनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. उंबऱ्यात कुत्रं तसंच बसलं होतं, वाटेकडे तोंड करून.

“तर समजायचं… समोरून अजून काहीतरी येतंय.”