बुजगावण्याच्या पायाशी

सकाळचे नऊ, ज्वारीचं शेत. पाखरांचं बोलणं माणसांना कळत असे, त्या काळातली ही हकिगत.

चंदेरी ही शहरातून आलेली पारवी. पायाला पतंगाचा मांजा गुरफटलेला, पोट रिकामं. शहरात माणसाच्या पायाशी बसलं की दाणे मिळत, म्हणून ती बुजगावण्याच्या पायाशी वाट पाहत बसली.

शेतातल्या विहिरीत राहणारे पारवे खो खो हसले. "अगं बये, त्याचं डोकं मडक्याचं! तो काय वाढणार तुला?"

चंदेरी ओशाळून उडायला गेली, तर मांजा बुजगावण्याच्या काठीत अडकला. वर शिक्रा घिरट्या घालू लागला. सगळे पारवे विहिरीत पळाले. त्यांच्यातला घुम्या मात्र थांबला. बुजगावण्याला तो जन्मभर भीत आला होता. तरी तो बांधावरच्या एका खारीला घेऊन आला आणि डोळे घट्ट मिटून बुजगावण्याजवळ उभा राहिला.

"कुरतड गं लवकर!" तो खारीला म्हणाला.

"कुरतडते. तू आधी डोळे उघड, नवरदेवा!"

मांजा तुटला. तिघंही बांधावरच्या करवंदीच्या जाळीत शिरली.

"इथे दाणे कोण देतं?" चंदेरीनं विचारलं.

"कुणी नाही. चल, वेचायला शिकवतो."

त्याच हंगामात विहिरीच्या कपारीत दोघांनी घरटं बांधलं. चंदेरी अजून लंगडते. त्या मांजाला काच लावलेली होती. ती कुणी लावली, हे शहरात अजून कुणीही सांगितलेलं नाही.