पोथीत न चढलेला शब्द

एका गावात एक म्हातारा पोथीवाला राहत असे. आपल्याइतका शिकलेला माणूस सात गावांत नाही, असं तो छाती फुगवून सांगे आणि लगेच डोळा मिचकावून म्हणे, "दुसरी इयत्ता तीनदा शिकलोय, चेष्टा आहे का!"

त्या गावात घरटी एक भूत कामाला होतं. भुतं कष्टाळू, पण अक्कल बेताची. म्हाताऱ्याच्या पोथीतले वीस हुकूम तेवढे त्यांना कळत: उचल, ठेव, ओत, थांब, असे. पोथीत नवा शब्द लिहिला की गावातल्या सगळ्या भुतांना तो तत्क्षणी पाठ होई. मग खोडला तरी जन्मात विसरत नसत.

एकदा शेजारीण म्हणाली, "आजोबा, ताट उचल, ताट ठेव, पाट उचल, पाट ठेव... जीभ झिजली की हो! पोथीत एकच शब्द घाला, 'आवर'. पसरलेलं सगळं उचलून जागच्या जागी!"

"घालतो की!" म्हाताऱ्याने बोरू शाईत बुडवला. नातीच्या बारशाला आलेले पाहुणे वाहवा करतील, याच्या त्याला आधीच गुदगुल्या होत होत्या.

त्याच्या म्हातारीने बोरू काढून घेतला. "आधी आपल्या भुताच्या कानात सांगा. कानातलं उद्या विसरेल. पोथीतलं नाही."

म्हातारा हिरमुसला, पण भुताच्या कानाला लागला.

बारशाची पंगत बसली. म्हाताऱ्याने व्याह्यांच्या टकलावरून असा काही विनोद केला, की विहीणबाई हसून हसून लवंडल्या. त्यांची बहीण कुजबुजली, "अगं, हसू आवर!"

भुताने शेवटचा शब्द तेवढा ऐकला. पानं गेली, बासुंदी गेली, व्याह्यांचं पागोटं खुंटीवर गेलं. आणि पाळणा रिकामा!

सुनेने हंबरडा फोडला. आयुष्यात पहिल्यांदा म्हाताऱ्याला विनोद सुचेना.

"दुपट्यात गुंडाळलेली पोर," म्हातारी पुटपुटली, "भुताला घडीच वाटली असणार!" ती गोधड्यांच्या चळतीकडे धावली. सगळ्यात वरच्या गोधडीवर नात अंगठा चोखत गाढ झोपली होती.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. विहीणबाई रडता रडता पुन्हा हसू लागल्या. या वेळी त्यांना कुणी काही म्हणालं नाही.

म्हाताऱ्याने पोथीच्या कोऱ्या पानाकडे बघून घाम पुसला. शब्द तिथे उतरला असता, तर आज घरोघरचे पाळणे रिकामे झाले असते!

मग तो चार घरं हिंडला. एकीकडे 'आवर' म्हणजे वेणीफणी, दुसरीकडे बैलाचा कासरा ओढणं, तिसरीकडे रडू थांबवणं, चौथीकडे नुसतं 'लवकर कर'. जाता जाता विचारलेल्या 'पाणी भर'चा अर्थ मात्र चारही घरी एकच निघाला. तेवढा हुकूम पोथीत चढला. बाकीचे लाडके शब्द ज्याने त्याने आपापल्या भुताच्या कानात रोज सांगावेत, असं ठरलं.

पोरं जमवून म्हातारा ऐटीत म्हणाला, "तात्पर्य: जो शब्द सगळ्यांच्या घरात शिरणार आणि पुन्हा निघणार नाही, त्याचा अर्थ आधी चार घरी विचारावा."

आतून म्हातारी म्हणाली, "आणि हे तात्पर्य हो? विचारलंत का चार घरी?"